ट्रॅफिक : रस्त्याचा शब्द, बाजाराचा शब्द

अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर चिखलोलीपाशी पाळी सुटण्याच्या वेळेस एकच शब्द ऐकू येतो : ‘ट्रॅफिक’. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही तो कळतो. वर्दळ, वाहतूक, खोळंबा, असे सगळे अर्थ आपण त्यात भरतो. परंतु हा शब्द मुळात रस्त्याचा नव्हे, बाजाराचा आहे.

सोळाव्या शतकात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचांनी तो इटालियनमधून घेतला होता. अर्थ होता व्यापार, देवघेव. व्यापार आला की मालाची ने-आण आलीच. म्हणून एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरच्या माणसांना व गाड्यांनाही तो शब्द लागू झाला. रेल्वेच्या ट्रॅफिक खात्यात तर गाड्या चालविणे आणि भाड्याचा धंदा पाहणे ही दोन्ही कामे एकत्र आली.

या शब्दाला तिसरा, काळा अर्थही आहे. माणूसच विक्रीचा माल झाला, तर त्या धंद्यालाही इंग्रजीत ट्रॅफिक म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या आपल्या संविधानात, कलम २३ मध्ये, हा शब्द याच अर्थाने आला आहे. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोहोंना त्या कलमाने एकाच ओळीत मनाई केली.

वेठ म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. महार वतनाच्या नावाखाली सरकारी ओझी वाहणे, निरोप पोचविणे हेच त्यांचे ‘दळणवळण’ होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. ही वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला.

कलम २३ आजही कामाचे आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबविणे हीदेखील सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. उचल देऊन वीटभट्टीवर कुटुंबाला अडकवून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. शोषणासाठी फसवून किंवा आमिष दाखवून माणूस नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तो माणूस ‘राजीखुशीने’ गेला, ही सबब तेथे चालत नाही.

तेव्हा भगिनींनो, शहरात चांगल्या पगाराची नोकरी देतो म्हणून कोणी आपल्या लेकीला न्यायला आला, तर पत्ता, मालक, पगार, सगळे आधी विचारा. शंका आली तर ११२ वर, आणि मूल असेल तर १०९८ वर फोन करा.

रस्त्यावरचे ट्रॅफिक तासाभरात सुटते. या दुसऱ्या ट्रॅफिकमध्ये सापडलेल्या लेकराला मात्र कोणीतरी सोडवावे लागते.