जोन्सटाउनचा पुनर्प्रयोग

इतिहासातील एखादा प्रसंग नोंदींच्या आधारे पुन्हा घडवून त्यात प्रेक्षकालाही सामील करून घेण्याच्या कलाप्रकाराला ‘पुनर्प्रयोग’ म्हणता येईल. ब्रिटिश कलावंत जेरेमी डेलर याने २००१ मध्ये ऑरग्रीव्ह येथे १९८४ सालच्या खाणकामगार आणि पोलीस यांच्यातील चकमकीचा असा प्रयोग केला, तेव्हा मूळ चकमकीतले अनेक कामगार स्वतः त्यात उतरले होते. धर्मपंथाच्या बाबतीत मात्र हे काम फार बिकट होते, कारण तेथे घटनेबरोबर श्रद्धाही पुन्हा उभी करावी लागते.

कलावंत रॉड डिकिन्सन याने २००० साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये केलेला जोन्सटाउनचा पुनर्प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. जिम जोन्सने १९५०च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये स्थापलेला ‘पीपल्स टेम्पल’ हा पंथ वर्णभेद न मानणारा होता, पुढे कॅलिफोर्नियात तो फोफावला, आणि त्याचे बहुसंख्य अनुयायी कृष्णवर्णीय होते. दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या जंगलात त्यांनी वसवलेल्या जोन्सटाउनमध्ये १८ नोव्हेंबर १९७८ रोजी ९०९ माणसे मृत्युमुखी पडली, त्यातील बहुतेक सायनाइडने, आणि मृतांमध्ये सुमारे तीनशे मुले होती. मुलांना विष पाजण्यात आले असल्याने या घटनेला सरसकट सामूहिक आत्महत्या म्हणणे अन्यायाचे आहे.

डिकिन्सनने हा शेवट बाजूला ठेवून जोन्सची प्रवचने अभिनेत्याकरवी सादर केली, आणि हाच त्याचा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हटला पाहिजे. पंथाने स्वतःच्या सभांचे शेकडो तास ध्वनिमुद्रण केले होते, त्यामुळे शब्द शोधावे लागत नाहीत. आणि त्या शब्दांतील बंधुभावाचे, न्यायाचे आश्वासन खरोखर ओढ लावणारे असल्याने श्रोत्याच्या जागी बसलेल्या प्रेक्षकाला अनुयायांना भोळे ठरवून मोकळे होता येत नाही. मरणाचा प्रयोग करणे तर दुहेरी क्रौर्याचे झाले असते, कारण ‘श्वेतरात्री’ या नावाने जोन्सने जोन्सटाउनमध्ये मरणाच्या तालमीच घेतल्या होत्या. एका तालमीत विष म्हणून पेय पाजले गेले आणि ती निष्ठेची परीक्षा होती, हे नंतर सांगण्यात आले. ज्या पंथाने तालीम हेच वश करण्याचे साधन बनवले, त्याच्या इतिहासाची पुन्हा तालीम करणाऱ्या कलावंताने कोठे थांबायचे हे आधीच ठरवलेले असावे लागते.

तरीही या रचनेत एक मोठी उणीव राहते. सगळा प्रयोग जोन्सच्या आवाजाभोवती फिरतो, आणि ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, घरदार विकून पैसा दिला, म्हाताऱ्या आईवडिलांना सोबत नेले, त्यांचे म्हणणे प्रेक्षकाच्या कानी पडत नाही. ती उणीव ली फोंडाकोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या नातेवाइकांच्या मुलाखतींवरून रचलेल्या, २००५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रंगमंचावर आलेल्या ‘द पीपल्स टेम्पल’ या नाटकाने बऱ्याच अंशी भरून काढली. तेथे प्रेक्षक सहभागी नसतो, निव्वळ ऐकतो, आणि या विषयापुरते ते ऐकणेच अधिक न्याय्य वाटते.