शिरूरला पाऊल, दौंडला उडी

विज्ञानकथांत आणि चित्रपटांत एक दार नेहमी भेटते. पात्र इकडून आत पाऊल टाकते आणि त्याच क्षणी हजारो मैलांवर बाहेर पडते. केस विस्कटलेले नसतात, धापही लागलेली नसते. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेने क्षणात दूर जाण्याची ही कल्पना घरोघरी नेली. आपल्या गोष्टींतल्या जादूच्या खडावा त्याहून कितीतरी जुन्या. असे दार बांधता येईल का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. दार आहेच असे धरू आणि विचारू : त्यातून जाणाऱ्या माणसाच्या शरीराचे काय होईल?

दार कोठे लावायचे? शिरूरला एस.टी. आहे, पण रेल्वे नाही. दौंड हे मोठे जंक्शन. पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती अशा सर्व बाजूंच्या गाड्या तेथे मिळतात. दोन्ही गावे पुणे जिल्ह्यातलीच, सरळ रेषेत अंतर सुमारे ४५ किलोमीटर. तेव्हा एक चौकट शिरूरच्या एस.टी. स्थानकावर आणि दुसरी दौंडच्या फलाटावर बसवू. नकाशा उघडून पाहा. दौंड हे शिरूरच्या दक्षिणेला सुमारे ४० आणि पूर्वेला सुमारे २३ किलोमीटर आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

शिरूरच्या स्थानकावर बाकावर बसलेला माणूस स्थिर आहे असे आपण म्हणतो. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिच्याबरोबर तोही पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने जात असतो. त्याला हे कळत नाही, कारण बाक, जमीन, हवा सारे त्याच वेगाने जाते. नुसत्या वेगाने शरीराला काही होत नाही. होते ते वेग बदलल्याने, आणि तोही एकदम बदलल्याने.

आता दौंड पाहा. ते विषुववृत्ताला थोडे जवळ, म्हणून त्याला दिवसभरात किंचित मोठे वर्तुळ पुरे करावे लागते. त्याचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ४४१ मीटर. फरक जेमतेम एक मीटरचा! पण येथे थांबलो तर हिशेब अर्धाच राहील. वेगाला दिशाही असते. जत्रेतला गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा आठवा. मागच्या आणि पुढच्या घोड्यावरची मुले सारख्याच चालीने फिरतात, पण एकाच क्षणी दोघांची तोंडे वेगळ्या दिशांना असतात. शिरूर आणि दौंड हे पृथ्वीच्या पाळण्यावरचे असेच दोन घोडे. शिरूरची ‘पूर्व’ आणि दौंडची ‘पूर्व’ अवकाशात एकाच दिशेला नाहीत.

त्यामुळे शिरूरचा वेग अंगात घेऊन जो दौंडला प्रकटेल, त्याच्या वेगाची रेषा दौंडच्या जमिनीतून थोडी वर निघालेली असेल. हा फरक काढण्याची सोपी रीत आहे. पृथ्वी सेकंदाला ०.००००७३ रेडियन वळते. म्हणून पूर्वेकडच्या प्रत्येक किलोमीटरमागे सेकंदाला ७.३ सेंटिमीटरचा फरक पडतो. २३ किलोमीटरांना सेकंदाला सुमारे १.७ मीटर! त्यातला १.६ मीटर भाग सरळ वर, उरलेला दक्षिणेकडे.

म्हणजे शिरूरचा प्रवासी दौंडला उभा ठाकत नाही, उडतो! फलाटापासून सुमारे १३ सेंटिमीटर वर जातो, पश्चिमेकडे वाहवतो आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात खाली टेकतो. शाळकरी पोराला याची मौज वाटेल. परत येताना मात्र गंमत उलटी होते. दौंडहून निघालेला माणूस शिरूरच्या जमिनीवर त्याच वेगाने आदळतो. अंधारात शेवटची पायरी चुकावी तसा धक्का. गुडघे दुखणाऱ्या आजीने या दाराच्या वाटेला न गेलेले बरे.

हेच दार मुंबईहून नागपूरला लावले तर? रेखांशांतला फरक सुमारे सव्वासहा अंश. वेगातला फरक भरतो सेकंदाला सुमारे ४७ मीटर, ताशी १७० किलोमीटर. मुंबईकर नागपुरात सेकंदाला ४४ मीटर वेगाने वर फेकला जाईल. हवेचा विरोध सोडला तर तो जवळजवळ १०० मीटर उंच जाऊन, नऊ सेकंदांनी, तेवढ्याच वेगाने खाली येईल. नागपूरकर मुंबईत त्याच वेगाने थेट जमिनीवर आपटेल. दोघांचा शेवट एकच. मुंबईकराला फक्त नऊ सेकंद जास्त मिळतील.

काही चतुर लेखक म्हणतात, दारच वेग जुळवून देईल. देऊ दे. पण संवेग नाहीसा होत नाही, तो कोणाला तरी घ्यावाच लागतो. साठ किलोच्या प्रत्येक प्रवाशामागे नागपूरच्या चौकटीला बसणारा झटका हजार किलोची जीप ताशी दहा किलोमीटर वेगाने धडकल्याइतका असेल. दाराचा पाया कसा घ्यायचा, हे स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ठरवावे.

वेग न जुळवता दार उघडत नाही, याचे खरेखुरे उदाहरण आहे. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाले. स्थानकाची उंची अवघी ४०० किलोमीटर, पुणे ते नागपूर अंतराहून कमी. तरी यान स्थानकाला जोडले गेले ते दुसऱ्या दिवशी, सुमारे २८ तासांनी. रॉकेटने मोठा वेग दहाएक मिनिटांतच दिला होता. बाकीचा वेळ कक्षा आणि वेग स्थानकाशी हळूहळू जुळवण्यात गेला. मगच मधले दार उघडले.

वेगाचे झाले, आता उंचीचे. घोडनदी शिरूरवरून वाहत येऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते, आणि भीमा दौंडला लागून जाते. पाणी शिरूरकडून दौंडकडे उतरते, तेव्हा दौंड सखल हे उघड आहे. हिशेबापुरता हा फरक ४० मीटर धरू. सखल जागी हवेचा दाब थोडा जास्त. दार उघडताच दौंडची हवा शिरूरकडे धावेल, आणि तिचा वेग निघतो सेकंदाला २८ मीटर, ताशी १०० किलोमीटर! ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा वारा साधारण एवढाच होता. शिरूरच्या स्थानकावरचे पत्रे उडतील.

येथे शंका यायला हवी. हा वारा थांबणारच नाही. त्यापुढे पवनचक्की ठेवली तर वीज फुकट मिळत राहील. निसर्ग असे फुकट काही देत नाही. म्हणून दाराला चढणीचे मोल वसूल करावेच लागेल. साठ किलोचा माणूस ४० मीटर वर नेण्यास सुमारे २३,५०० जूल लागतात. बाहेरून वीज दिली नाही, तर ही ऊर्जा प्रवाशाच्या शरीरातल्या उष्णतेतून जाईल. शिरूर-दौंडपुरते हे क्षुल्लक आहे. अंग एक दशांश अंशाने गार होईल. पण महाड ते महाबळेश्वर हा घाट एका पावलात चढून पाहा. चढ सुमारे १,३०० मीटर. एक किलो शरीर एक अंशाने तापवायला सुमारे ३,५०० जूल लागतात, हे धरून तापमानातला फरक येतो ३.६ अंश. महाडचा ३७ अंशांचा माणूस महाबळेश्वरला ३३.४ अंशांवर पोचेल, म्हणजे शीताघाताने थरथरत. उलट बाजूने महाडला उतरणाऱ्याला एका क्षणात ४०.६ अंश ताप! शिवाय कानांचे हाल. चढताना मध्यकर्णातली जास्तीची हवा घशाकडच्या नळीतून सहज निसटते; उतरताना ती नळी गिळल्याशिवाय नीट उघडत नाही, म्हणून उतरण्याची वेदना अधिक. घाटातली एस.टी. आपल्याला आवंढा गिळायला वेळ देते.

दाराऐवजी दुसरे एक यंत्रही कथांत असते : माणसाचा अणू न् अणू मोजायचा, माहिती पाठवायची आणि तिकडे माणूस पुन्हा बांधायचा. टेलिपोर्टेशन हा शब्द भौतिकशास्त्रात खरोखरच आहे. त्याचा सिद्धांत १९९३ साली मांडला गेला, १९९७ साली तो प्रयोगाने दिसला, आणि २०१७ साली चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून १,४०० किलोमीटरपर्यंत दूर असलेल्या मिशियस उपग्रहाकडे प्रकाशकणाची पुंज-अवस्था पाठवली. अवस्था पाठवली, कण नव्हे. आणि अशी अवस्था पाठवताना मूळची अवस्था मोडते. माणसाचे पाहाल तर शरीरात अणू सुमारे ७ वर २७ शून्ये इतके. एका अणूमागे एकच बिट धरला आणि सेकंदाला १०० कोटी बिट पाठवले, तरी २२ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. शिरूरहून दौंडला चालत गेले तरी दिवसभरात पोचता येते.

पुन्हा दाराकडे येऊ. वेगाचा कसलाच धक्का बसणार नाही अशी दूरची जागा शिरूरकराला मिळेल का? रेखांश तोच हवा, म्हणजे दिशा जुळेल. आणि वर्तुळ तेवढेच हवे, म्हणजे वेग जुळेल. पृथ्वीगोलावर अशी एकच जागा आहे : विषुववृत्ताच्या पलीकडे, शिरूर जितके उत्तरेला तितकेच दक्षिणेला. नकाशात शोधा. ती मॉरिशसच्या बऱ्याच पूर्वेला, हिंदी महासागराच्या भर पाण्यात आहे. शिरूरची उंची पाचशे मीटरांहून जास्त असल्याने तेथे पोचताना दीडेक अंश ताप मात्र चढेल. पोहणे यायला हवे, हे वेगळे सांगायला नको.