तोफेवरचे नाव आणि विमानाचे चार बोल्ट

परंड्याच्या किल्ल्यात शाळेची सहल नेली, की मी मुलांना तिथे आता नसलेल्या एका तोफेची गोष्ट सांगते. मुलुखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती आपल्या परंड्यात होती. 1632 मध्ये विजापूरला नेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. सुमारे 55 टनांच्या त्या तोफेवर ओतणाऱ्या उस्तादाचे नाव कोरलेले आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. तोफ फुटली तर जाब कोणाला विचारायचा, हे ती तोफच सांगत होती.

आता विमानाकडे वळू. अमेरिकेची बोइंग एके काळी इंजिनिअरांची कंपनी म्हणून ओळखली जाई. 1997 मध्ये मॅकडोनेल डग्लस तिच्यात विलीन झाली. 2001 मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला गेले. कारखाने मात्र सिएटलच्या परिसरातच राहिले. साहेब एका गावी, काम दुसऱ्या गावी. शेअरच्या भावापुढे इंजिनिअरचे ‘थांबा’ कोणी ऐकेना, अशी टीका कंपनीतल्याच जुन्या माणसांनी केली.

737 मॅक्स विमानात नाक आपोआप खाली करणारी एक यंत्रणा बसवली. ती एकाच सेन्सरच्या भरवशावर चालत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहिती नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियात 189 आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियात 157 माणसे दगावली. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत अशाच एका विमानाचा, दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला. त्याचे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात तो भाग उघडल्याची नोंदही कंपनीकडे सापडली नाही. म्हणजे नाव कोणाचेच नाही!

हे सारे दूर अमेरिकेतले, असे समजू नका. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याकडे सुटे भाग तपासण्याचे काम करतो. ईदला घरी आला तेव्हा म्हणाला, “टीचर, महिनाअखेरीला न तपासलेल्या पेटीवरही सही मागतात. नाही म्हटलं तर नोकरीची भीती.” मी विचारले, “मग?” तो म्हणाला, “एकदा केली. त्या रात्री झोप लागली नाही. पुन्हा नाही केली.”

आपली मुले-मुली आयटीआयला जातात, पॉलिटेक्निकला जातात. पगार किती, हे आपण पहिल्यांदा विचारतो. त्यासोबत हेही विचारूया: बेटा, तुझी सही कशावर असते? आणि ‘नाही’ म्हटल्यामुळे तो एखाद्या दिवशी नोकरी गमावून घरी आला, तर त्याला बोल लावू नका. आधी पाणी द्या, जेवू घाला.