स्पीकर केबल

स्पीकर केबल ही ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे विद्युत संकेत नेणारी, दोन सुवाहकांची केबल आहे. तिची निवड करताना रोध हा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म ठरतो.

सुवाहकाचा रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. केबल स्पीकरशी एकसर जोडणीत असल्याने काही शक्ती तिच्यातच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. स्पीकरचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, वारंवारतेनुसार बदलतो. त्यामुळे केबलचा रोध जास्त असल्यास ध्वनीचा समतोलही ढळतो.

केबलचा रोध स्पीकरच्या नाममात्र संरोधाच्या ५ टक्क्यांहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. १० मीटर केबलमध्ये जाण्या-येण्याची मिळून २० मीटर तार असते. १.५ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेसाठी हा रोध सुमारे ०.२३ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी हे प्रमाण सुमारे ३ टक्के, तर ४ ओहमच्या स्पीकरसाठी जवळपास ६ टक्के होते, तेथे २.५ चौरस मिलिमीटरची केबल योग्य ठरते.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असली, तरी तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा जास्त असतो. ती वापरायची झाल्यास अधिक जाडीची घ्यावी लागते.