गरोदरपणातील प्री-एक्लॅम्प्सिया रक्त तपासणीत आधी कळतो का?

प्री-एक्लॅम्प्सियात २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा जास्त होते. लघवीतून प्रथिने जातात किंवा यकृत, मूत्रपिंडावर परिणाम होतो. वारेतून येणारे ‘पीएलजीएफ’ रक्तात कमी होते, ‘एसएफएलटी-१’ वाढते.

११ ते १३ आठवड्यांत पीएलजीएफ, बीपी आणि सोनोग्राफीवरून धोका समजतो. तो जास्त असल्यास डॉक्टर १६ आठवड्यांआधी अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. स्वतःहून घेऊ नये.

पुढे शंका आल्यास दोन्हींचे गुणोत्तर पाहतात. ते ३८ किंवा कमी असल्यास पुढचा आठवडाभर धोका फार कमी. कायमचा टळला असे नव्हे.

ही तपासणी झाली नाही तरी बीपी आणि लघवीची तपासणी चुकवू नका. धाराशिवसह सर्वत्र दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे असल्यास ९ तारखेची वाट पाहू नका; लगेच १०८ ला फोन करा.