उजवा खालचा कोपरा

मारुंजीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून ध्रुवतारा दिसत नाही. तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर वर्षभर एकाच जागी मुक्कामाला असतो, आणि नेमकी त्याच जागी पाण्याची टाकी बांधली आहे. इतरांचं त्यावाचून काही अडत नाही. माझं अडतं. दुर्बिणीचं माउंट पृथ्वीच्या आसाशी समांतर लावायचं तर ध्रुव हवा, कारण आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकतं आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे १.८ विकला. माउंट थांबलं की एका सेकंदात तारा आठ पिक्सेल पळतो. मला तो पाच मिनिटं जागच्या जागी धरून ठेवायचा असतो. टाकीवर उपाय सॉफ्टवेअरने काढला आहे: आकाशाच्या दुसऱ्याच भागाचे दोन-तीन फोटो घ्यायचे, त्यातले तारे ओळखून ध्रुव किती चुकला आहे ते संगणक सांगतो, मग स्क्रू फिरवत बसायचं. रोज अर्धा तास.

इथून तेजोमेघांचे फोटो काढते म्हटल्यावर लोक हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दक्षिणेला हिंजवडी, पूर्वेला ताथवडे-पुनावळे, मधे बांधकामांचे झोत, शिवाय लग्नसराईत लॉन्सवरचे आकाशात फिरणारे दिवे. जॉन बोर्टल या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी दिली. आमची गच्ची आठव्या पायरीवर बसते. त्याने तिथली खूण सांगितली आहे ती अशी की, वर्तमानपत्राचे मथळे रात्री वाचता येतात. मी वाचून पाहिले आहेत. आतला मजकूरही दिसला असता, चष्मा खाली घरात राहिला होता.

अशा उजेडात उपयोगी पडतो तो दुहेरी फिल्टर. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनचा निळसर हिरवा ५००.७ वर. एवढ्या दोन फटी ठेवून बाकी दार लावून घ्यायचं. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा काम आणखी सोपं होतं, त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असे. पांढरे एलईडी आले आणि प्रकाश सगळीकडे सांडला. तरी ज्या वस्तू स्वतःच हायड्रोजनच्या लाल रंगात पेटलेल्या असतात, त्या फटीतून येतात.

रोझेट ही त्यातली एक, गुलाबासारखी दिसणारी. काक्षी, व्याध आणि प्रश्वा यांचा हिवाळ्यात जो मोठा त्रिकोण दिसतो, त्याच्या वरच्या बाजूला, आतल्या अंगाला. अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं. आकाशात तिचा पसारा पूर्ण चंद्राच्या दुपटीहून जास्त आहे, पण डोळ्यांना काही दिसत नाही. जुन्या निरीक्षकांना दुर्बिणीतून तिचे तुकडेच दिसले, म्हणून सूचीत तिच्या नावावर पाच क्रमांक आहेत: एनजीसी २२३७, २२३८, २२३९, २२४४, २२४६. सबंध गुलाब दाखवला तो छायाचित्राने.

पहिल्या वर्षी मी जानेवारीतल्या दोन रात्रींत चार तासांचा प्रकाश गोळा केला, तीन दिवस संगणकावर बसले आणि लालभडक गुलाब तयार केला. घरी सगळ्यांना आवडला. ऑफिसात आवडला. एका निवडीसाठी पाठवला, तिथून पहिल्याच चाळणीत परत आला. कारण सांगायची पद्धत तिथे नव्हती.

मग मी तो सदाशिव पेठेतल्या ओळखीच्या एका काकांना दाखवला. वय पंचाहत्तरच्या पुढे. १९४४ सालापासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत तारे शिकले, आणि १९८६ साली हॅलेचा धूमकेतू फिल्मवर टिपला. त्या काळात लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदना मरायची, म्हणून ती आधी हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात तापवून घेत. काका त्याला ‘फिल्म भाजणं’ म्हणतात. त्यांनी माझं चित्र शंभर टक्के मोठं केलं आणि माउस थेट उजव्या खालच्या कोपऱ्यात नेला.

‘काका, गुलाब मधे आहे.’

‘गुलाब कुठे पळून जात नाही, अगं. आधी कुंपण बघू दे.’

कुंपण मोडलेलं होतं. चारही कोपऱ्यांतले तारे केंद्रापासून बाहेर ओढल्यासारखे लांबट, उजव्या खालच्या कोपऱ्यात तर तांदळाचे दाणे. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच मी कडा कापल्या होत्या, फक्त पुरेशा कापल्या नव्हत्या. मग त्यांनी पार्श्वभूमीवर बोट ठेवलं. ‘हे काळं कसं काय? आकाश काळं नसतं. काळं दिसतंय म्हणजे तू काहीतरी पुसलंयस.’ ताऱ्यांभोवती बारीक काळी कडी होती, ती धार जास्त लावल्याने. पाकळ्यांच्या टोकांना मेणचटपणा होता, तो नॉइज घासून काढताना तिथलं बारीक कामही घासलं गेलं म्हणून. वरच्या भागात दोन अर्धवट वर्तुळं होती. गुलाबाबद्दल ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

घरी येताना मला राग आला होता, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी जेवताना पटलं, की मी दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीत काका मी लपवलेली गोष्ट बघत होते. परीक्षकही तेच करतात. मधला गुलाब सगळ्यांचाच बरा असतो. ज्याला पाचशे गुलाब बघून त्यातले दहा ठेवायचे आहेत, तो आधी कडेला जातो.

पुढचं वर्ष कोपऱ्यात गेलं. दुर्बिणीच्या मागे बसणारी सपाटीकरणाची भिंगं आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांत ५५ मिलिमीटर अंतर लागतं. ते मी पट्टीने मोजून ठेवलं होतं. पण मधे फिल्टरची काच आहे, दोन मिलिमीटर जाड, आणि काचेतून जाताना प्रकाशाचा केंद्रबिंदू जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतो. म्हणजे अंतर ५५.७ हवं. सात दशांश मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या चकत्या मागवल्या. तीन कोपरे सरळ झाले. उजवा खालचा राहिलाच, कारण त्याचं दुखणं वेगळं होतं: सेन्सर त्या बाजूला किंचित कललेला. कॅमेऱ्याच्या तोंडाशी तीन बारीक स्क्रू असतात. एक पाव फेरा फिरवायचा, फोटो घ्यायचा, बघायचं, उलट फिरवायचं. यात पाच रात्री गेल्या. त्या पाच रात्रींत गुलाबाचा एकही फोटो घेतला नाही. घरच्यांना ही गोष्ट समजावणं अवघड असतं.

अर्धवट वर्तुळांचं मूळ मारुंजीतच होतं. इथे इमारती उगवतात तशी धूळही उगवते, आणि फिल्टरवर बसलेला कण फोटोत मेदुवड्यासारखा उमटतो. त्यावरचा इलाज फ्लॅट फ्रेम. पहाटेच्या उजेडात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बसवायचा, तीसेक फोटो घ्यायचे, आणि मूळ फोटोंना त्याने भागायचं. वडा दोन्हीकडे असला की भागाकारात निघून जातो. आदल्या वर्षी मी थंडीला कंटाळून कॅमेरा काढून घरात नेला होता आणि फ्लॅट दुसऱ्या दिवशी घेतले. कॅमेरा किंचित फिरला, वडे जागेवर जुळले नाहीत, अर्धे राहिले. आता काहीही झालं तरी पहाटेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावत नाही.

बाकी होता वेळ. याचा हिशोब क्रूर आहे: चित्राची सफाई फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. दुप्पट सफाई हवी तर चौपट वेळ. चार तासांचे सोळा केले. डिसेंबर ते फेब्रुवारी, सात रात्री, पाच मिनिटांच्या २११ फ्रेम. दव पडतं म्हणून दुर्बिणीच्या गळ्याला गरम पट्टा. शेजारच्या बांधकामावर एक झोत होता, त्याच्या सुपरवायझरला जाऊन विनंती केली; तो बारानंतर कधी बंद व्हायचा, कधी नाही. ढग, वारा, झोत यांनी १९ फ्रेम खाल्ल्या. उरल्या १९२. उपग्रह आणि विमानांच्या रेघांची काळजी नसते, एकाच फ्रेममध्ये असलेली गोष्ट एकावर एक रचताना गणिताने बाहेर पडते.

रचलेलं चित्र उघडलं की पडदा काळा. सगळा ऐवज अगदी तळाच्या छटांमध्ये दडलेला असतो, तो हळूहळू ताणून वर आणायचा. त्याआधी शहराच्या उजेडाचा उतार काढायचा, आणि खरी जोखीम इथे आहे. पार्श्वभूमीवर तुम्ही जे ठिपके ठेवता, त्यावरून सॉफ्टवेअर उजेडाचा नकाशा बनवून तो वजा करतं. एखादा ठिपका तेजोमेघाच्या विरळ काठावर पडला तर सॉफ्टवेअर त्यालाही हिंजवडी समजतं. खडे निवडताना तांदूळच फेकून द्यावा तसं. पहिल्या वर्षीचं माझं ‘काळं’ आकाश तिथूनच आलं होतं. या वेळी ठिपके कमी ठेवले, आणि गुलाबाभोवती एक फिकट लाल धूसरपणा उरला. आदल्या वर्षी मी तो घाण म्हणून पुसला होता. तो हायड्रोजनच आहे.

नवी साधनं तारे आणि तेजोमेघ वेगळे करून देतात, बारकावे धारदार करतात. २०२२ च्या शेवटानंतर तर अशा शिकवलेल्या प्रोग्रॅमची चलतीच झाली. मी वापरते. पण ती कधीकधी नसलेली तार काढून दाखवतात. काकांनी त्यावर साधी सवय लावली: शंका आली की तोच भाग १९४९ साली सुरू झालेल्या पालोमार सर्वेक्षणाच्या चित्रांवर ठेवून बघायचा. तिथे नसेल आणि आपल्या कच्च्या फ्रेमच्या बेरजेतही नसेल, तर ती तार आपली नव्हे.

याची उलट बाजूही आहे. देवयानी दीर्घिका म्हणजे सगळ्यात जास्त वेळा फोटो निघालेल्या दीर्घिकांपैकी एक. तिच्या शेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड निळी कमान यान सँटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर या हौशी लोकांना सापडली, शंभरहून अधिक तासांच्या प्रकाशात. इतकी वर्षं ती कुणालाच दिसली नव्हती, म्हणून पहिली शंका अर्थातच ‘कॅमेऱ्याचा दोष’. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या दुर्बिणींनी पुन्हा तपासलं आणि मग जाहीर केलं. ग्रिनिचच्या वेधशाळेच्या स्पर्धेत २०२३ चा सर्वोच्च मान त्या चित्राला मिळाला. ते चित्र सुंदर आहेच. मला मात्र त्यातलं ते पुन्हा तपासणं जास्त मोहवतं.

माझ्या गुलाबाची सत्ताविसावी आवृत्ती मी पाठवली. खरं तर चोविसावी बरी होती, पण त्यात निळा रंग कमी होता. मधल्या पोकळीतला ऑक्सिजन मी जरा वर रेटला. घरी सगळ्यांना तो निळा आवडला. काका म्हणाले, ‘हा निळा ओरडतोय.’ मी ऐकलं नाही. चित्र चाळणीतून पार झालं, शेवटच्या यादीच्या अलीकडे थांबलं, आणि या वेळी परीक्षकांच्या दोन ओळी आल्या. तारे आणि कडा स्वच्छ, पार्श्वभूमी संयत. ऑक्सिजनचा भाग गरजेपेक्षा ठळक. काकांना फोन केला तर ते कोपऱ्यांबद्दलची ओळ दोनदा वाचायला सांगून गप्प झाले.

आता पूर्वेला नवी इमारत चढते आहे. चौदावा स्लॅब पडला. रोझेट इथे डोक्याजवळ, ७६ अंशांपर्यंत जाते, त्यामुळे ती सगळी जाणार नाही, पण उगवतीचे दोन तास गेले. म्हणून पुढच्या हंगामासाठी उत्तर धरली आहे: शर्मिष्ठेतला हृदयाच्या आकाराचा मेघ, आयसी १८०५. तो ४७ अंशांच्या वर चढत नाही, तरी टाकीच्या बराच वर राहतो. अडचण एवढीच की त्या बाजूला गहुंजेचं क्रिकेटचं मैदान आहे. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे झाले, आणि दिवस-रात्र सामना असला की उत्तरेचं आकाश पिठासारखं पांढरं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अमावास्या गोल करून झाल्या आहेत. सामन्यांचं वेळापत्रक अजून यायचं आहे.