हजार लिटरला किती युनिट?

जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटरवर असते. छत्रपती संभाजीनगर वसलंय त्याहून शंभरेक मीटर उंचावर, आणि मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. गोदावरीचं पाणी आधी फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवरच्या टाकीत चढतं आणि मग कुठे उतारानं शहरात उतरतं. ही सगळी चढण विजेवर होते. याच शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून निव्वळ उतारावर आणलं होतं. पाणचक्कीवर तर नहरीच्या पाण्याच्या धारेनं जातं फिरायचं. वस्ती वाढली, डोंगरातलं पाणी पुरेना, आणि शहराला खालच्या धरणाकडे हात पसरावा लागला.

सगळ्याच शहरांवर ही वेळ सारखी आली नाही. मुंबईला तानसा आणि वैतरणेचं पाणी डोंगरउतारावरून आपोआप येतं, भातसाचं मात्र पिसे इथे उचलावं लागतं. बंगळूरुला कावेरीचं पाणी तीन टप्प्यांत सुमारे ५०० मीटर चढवून न्यावं लागतं. भूगोल बदलता येत नाही, हे मला मान्य आहे. पण भूगोल जितकी वीज मागतो त्याच्या दीडपट-दुप्पट वीज आपण देत असू, तर तो भूगोलाचा दोष नाही.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर आमचा हा पेशा रीतसर सुरू झाला. कारखान्यांची कामं पुष्कळ केली, पण माझा जीव रमतो पंप हाउसमध्ये. कारखान्यात वाचलेली वीज मालकाच्या खिशात जाते. पंप हाउसमध्ये वाचलेल्या विजेतून एखाद्या वस्तीला पाणी जाऊ शकतं.

तिथे गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हजार लिटर पाणी चढवायला किती युनिट लागतात? पंप किती एचपीचा, मोटर किती अँपिअर घेते, काल किती तास चालली, हे सगळं रजिस्टरमध्ये असतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी नसतं. हिशेब खरं तर शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. हजार लिटर म्हणजे एक टन. तो शंभर मीटर उचलायला निसर्ग मागतो ०.२७ युनिट. पंप आणि मोटर दोन्ही चांगल्या स्थितीत असतील तर ०.३६ युनिट लागतं, कारण थोडी वीज वाया जाणारच. पंप झिजलेला असेल, किंवा चुकीच्या जागी बसवलेला असेल, तर हाच आकडा ०.६०च्या पुढे जातो. रोज दहा कोटी लिटर पाणी शंभर मीटर चढवणारं शहर घ्या. त्याच्यासाठी या दोन आकड्यांमधला फरक दिवसाला सुमारे २४ हजार युनिटचा आहे. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला सात कोटी. पाणी तेवढंच, उंची तीच.

ही वीज जाते कुठे? सांगायला बरीच ठिकाणं आहेत, पण मला सगळ्यात जास्त सलतो तो पंपातून पाणी बाहेर पडतं तिथला डिलिव्हरी व्हॉल्व्ह. पंप घेताना सल्लागार थोडी जास्त उंची धरतो, वर अभियंता आणखी थोडी धरतो, आणि गरजेपेक्षा जोरदार पंप येऊन बसतो. व्हॉल्व्ह पुरता उघडला तर मोटर जास्त अँपिअर घेते, ट्रिप होते. म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धवट आवळून ठेवतो. एका पंप हाउसमध्ये मी व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि पलीकडे प्रेशर गेज लावले. अलीकडे ११ किलो, पलीकडे ९. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर उंची, तेव्हा वीस मीटर चढवलेलं पाणी त्या एका व्हॉल्व्हमध्ये आपटून संपत होतं. गॅस मोठा करायचा आणि भांडं वर उचलून धरायचं, तसा हा प्रकार. तिथले जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणत, माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, “मॅडम, हा व्हॉल्व्ह मी नोकरीला लागलो तवापासून असाच हाय. पूर्ण उघडू नको म्हणून मला सांगितलेलं.”

मामांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी मोटर जळू दिली नाही, इतकी वर्षं शहराचं पाणी एक दिवस चुकू दिलं नाही. अशा वेळी इलाज असतो तो इंपेलरचा, म्हणजे पंपातल्या पाणी फेकणाऱ्या चक्राचा. लेथवर घासून त्याचा व्यास दहा टक्क्यांनी कमी केला की पंपाचा दाब सुमारे एकोणीस टक्क्यांनी उतरतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवता येतो, आणि पाणी तेवढंच देऊन वीज जवळपास तितक्याच टक्क्यांनी घटते. नवा पंप नको, निधी मंजूर होण्याची वाट पाहणं नको. मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडीसुद्धा हे काम करतो, आणि हल्ली प्रत्येक प्रस्तावात तो असतो. पण मागणी तासातासाला बदलते तिथे त्याची खरी कमाई. एकाच टाकीत एकाच वेगानं पाणी चढवायचं असेल तर इंपेलर घासणं स्वस्त आणि टिकाऊ, असं माझं मत आहे.

दुसरं ठिकाण डोळ्यांना दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. पाइपमधून दुप्पट वेगानं पाणी ढकललं तर घर्षण दुपटीनं वाढत नाही, जवळपास चौपट होतं. म्हणून दोन पंपांवर भागेना की तिसरा सुरू करायचा, हा उपाय पुष्कळदा फसतो. पाणी थोडंसं वाढतं आणि वीज मात्र तिसऱ्या पंपाची पूर्ण लागते. उलट तेच पाणी दहा तासांऐवजी वीस तासांत सावकाश चढवलं तर घर्षणात जाणारी वीज चौथ्या हिश्श्यापर्यंत उतरते. त्यासाठी टाकी पुरेशी मोठी हवी. नवीन योजनेत पंपांची चर्चा रंगते, टाकीच्या आकाराकडे कोणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. टाकी मोठी असली की वीज महाग असलेले तास टाळून पाणी चढवता येतं, तो फायदा वेगळाच.

एका पंप हाउसमध्ये आम्ही फ्लो मीटर दुरुस्त करून घेतला, प्रत्येक पंपाला वेगळा वीजमीटर बसवला आणि भिंतीवर फळा टांगला. प्रत्येक पाळीच्या शेवटी ऑपरेटरने त्यावर एकच आकडा लिहायचा: हजार लिटरला किती युनिट. पावसाळ्यात त्यातल्या एका पंपाचा आकडा हळूहळू चढायला लागला. रात्रपाळीच्या तरुण ऑपरेटरला तो खटकला. त्यानं वरून आदेश येण्याची वाट न पाहता सक्शनची जाळी उघडायला लावली, तर ती गाळ आणि प्लास्टिकनं गच्च भरलेली होती. हे त्यानं मला फोन करून सांगितलं तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही अहवालानं दिला नव्हता. त्या माणसांना यंत्र कळतं. त्यांना मोजमाप मात्र कधी कोणी दिलंच नाही.

टेकडीवरून पाणी सुटलं की विजेचा विषय संपला, असंही नाही. गळतीतून वाया गेलेल्या प्रत्येक लिटरमागे ते उचलण्याची, शुद्ध करण्याची वीज आधीच लागलेली असते. म्हणून गळती शोधणारा माणूस हा माझ्या लेखी वीज वाचवणारा माणूस आहे. आणि पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं अशा शहरांत आणखी एक नुकसान होतं, ते कुठल्याच हिशेबात येत नाही. महापालिकेनं पैसे मोजून तयार केलेला दाब घराच्या अंगणातल्या हौदात पडून शून्य होतो. मग प्रत्येक घर आपल्या छोट्या मोटरनं तेच पाणी पुन्हा गच्चीवर चढवतं. या मोटरा पाण्याच्या मोठ्या पंपांच्या निम्म्या कार्यक्षमतेच्याही नसतात. काही घरं तर टिल्लू पंप थेट नळालाच लावतात आणि शेजाऱ्याचं पाणी ओढतात. ही वीज महापालिकेच्या बिलात दिसत नाही, नागरिकाच्या बिलात दिसते. कराडजवळच्या मलकापूरनं २०१०च्या आसपास मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. गाव लहान आहे, मोठ्या शहराला ते जसंच्या तसं जमणार नाही. पण दाब सतत राहिला की दुमजली घराला हौद आणि मोटर लागत नाही, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

आता सांडपाणी. नळातून आलेल्या पाण्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग गटारात जातो, असं नियोजनात धरतात. ते शुद्ध करण्याची आजही सर्वाधिक वापरातली रीत १९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात सापडली: मैलापाण्यात हवा सोडत राहायची, म्हणजे त्यातले जिवाणू वाढतात आणि घाण खाऊन टाकतात. त्या संशोधनामागे असलेले गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. रीत उत्तम आहे, पण हवा सोडणारे ब्लोअर केंद्राची निम्मी किंवा त्याहून जास्त वीज खातात.

इथे एक बारीकसं गणित आहे आणि ते मला फार आवडतं. ३० अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. जिवाणूंना दोन मिलिग्रॅम पुरतो. पाण्यात आधीच जितका ऑक्सिजन असेल तितका नवा विरघळायला कुरकुर करतो. टाकीत दोन मिलिग्रॅम असेल तर साडेपाचाची जागा शिल्लक असते. तोच चार असेल तर फक्त साडेतीनाची. त्यामुळे नुसता चारचा आकडा राखायला दीडपटीहून जास्त हवा फुंकावी लागते, आणि जिवाणूंना त्याचा काडीचाही फायदा नसतो. ऑक्सिजनचा मीटर चालू ठेवणं आणि त्याप्रमाणे ब्लोअर हळू करणं, एवढ्यावर हे थांबतं. पण तो मीटर बऱ्याच ठिकाणी शेवाळलेला, बंद पडलेला मी पाहिला आहे. मग ऑपरेटर पाण्याच्या तपकिरी रंगावरून आणि ओल्या मातीच्या वासावरून अंदाज बांधतात. अंदाज बरोबर असतो, पण हवा जास्त नाही ना, हे वासावरून कळत नाही.

मैल्याच्या गाळातून वायू निघतो आणि त्यावर वीजही करता येते. सुरतनं हे काम पुष्कळ वर्षांपूर्वी सुरू केलं. ऑस्ट्रियातलं श्ट्रास गावचं केंद्र २००५पासून वापरतं त्याहून जास्त वीज तयार करतं. आपल्याकडे त्याची भाषणं खूप होतात. आपलं मैलापाणी मात्र पातळ असतं, कारण घाणीचा मोठा भाग घरच्या सेप्टिक टँकमध्येच अडकतो आणि गटारात नाल्याचं पाणी मिसळतं. त्यामुळे वायू कमी मिळतो. आधी ब्लोअर ताब्यात आणावा, वायू नंतर, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते. नागपूरनं वेगळा रस्ता धरला. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी दिवसाला १३ कोटी लिटर कोराडीच्या वीजकेंद्राला जायला लागलं, आणि तेवढं धरणाचं पाणी मोकळं झालं.

बिलाबद्दल थोडक्यात सांगते. २०२०च्या एप्रिलपासून राज्यात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी वीजही धरून बिल येतं, म्हणून ती वीज कमी ठेवणारं कॅपॅसिटर पॅनल बंद पडलं की त्याची किंमत थेट बिलात दिसते. ते दुरुस्त करायला एक दिवस पुरतो.

सगळ्यात कठीण दुरुस्ती निविदेतली आहे. २५० किलोवॅटची मोटर रोज वीस तास चालली तर दिवसाला पाच हजार युनिट, म्हणजे चाळीस हजार रुपये लागतात. वर्षाला जवळपास दीड कोटी. पंप विकत घेण्याचा खर्च यापुढे किरकोळ आहे, तरी आपण निविदेत सर्वांत कमी किंमत सांगणाऱ्याला काम देतो. तीन टक्के जास्त वीज खाणारा पंप स्वस्तात आला, तर वर्षाला चार लाखांहून जास्त तोटा, तोही पंधरा-वीस वर्षं. म्हणून निविदेत पंपाची किंमत आणि दहा वर्षांची वीज मिळून तुलना करावी, आणि कार्यक्षमतेची चाचणी कारखान्यात घेतली तरी पंप बसल्यावर त्याच पंप हाउसमध्ये, त्याच पाइपलाइनवर पुन्हा घ्यावी. दुसऱ्या चाचणीत हजार लिटरचा आकडा कराराप्रमाणे आला नाही तर शेवटचा हप्ता देऊ नये. हे कलम घालायला राज्याचा कोणताही नियम आड येत नाही, आणि ज्या एका ठिकाणी ते घातलं गेलं तिथे पुरवठादारानं चाचणीच्या आदल्या दिवशी स्वतःहून इंपेलर बदलून दिला.